वीस मिनिटांची पेशी, चाळीस मिनिटांची नक्कल

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या ऐरोलीच्या एका मुलाने विचारलंय: "मॅडम, पुस्तकात लिहिलंय की ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. त्याच पुस्तकात दोन प्रकरणं पुढे लिहिलंय की त्याच्या डीएनएची नक्कल व्हायला ४० मिनिटं लागतात. दोन्ही खरं कसं? आणि नक्कल पुरी झाली की नाही हे पेशीला कळतं कसं? की अर्ध्या डीएनएवरच भिंत घालून मोकळी होते?"

पहिल्या प्रश्नावर मीही तुझ्या वयात अडले होते. तेव्हा आमच्या सरांनी "परीक्षेत दोन्ही लिहा" असं सांगून वेळ मारून नेली होती. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तू रोज ट्रान्स-हार्बरवर बघतोस. ठाण्याहून पनवेलला जायला लोकलला तासाच्या आसपास लागतो. म्हणून काही पनवेलला तासाला एकच गाडी येत नाही. पहिली पोचायच्या आधीच मागून दुसरी, तिसरी सुटलेली असते. प्रवासाला किती वेळ लागतो आणि दोन गाड्यांमध्ये किती अंतर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकातले ४० म्हणजे प्रवासाचा वेळ आणि २० म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर.

आता आकडे. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचं गुणसूत्र म्हणजे सुमारे ४६ लाख अक्षरांचं (बेस-जोड्यांचं) एक बंद कडं. उलगडून सरळ केलं तर दीड मिलिमीटर भरेल, आणि पेशी स्वतः जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची. नक्कल एकाच ठरलेल्या जागेवरून सुरू होते. त्या जागेला ओरिसी म्हणतात. तिथून दोन फोर्क, म्हणजे डीएनए उलगडत नक्कल पुढे नेणाऱ्या दोन जागा, उलट दिशांना निघतात आणि कड्याच्या पलीकडच्या अंगाला, टर्मिनसपाशी, एकमेकांना भेटतात. प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाख अक्षरं. सेकंदाला हजाराच्या आसपास या वेगाने हिशेब कर, ३८-४० मिनिटं येतात. ३७ अंशांवर अन्न कितीही चांगलं दिलंस तरी हा वेग फारसा वाढत नाही. नक्कल संपल्यावर पेशी प्रत्यक्ष तुटायला आणखी साधारण २० मिनिटं लागतात. पहिल्या टप्प्याला सी-काळ म्हणतात, दुसऱ्याला डी-काळ. दोन्ही मिळून ६० मिनिटं.

म्हणजे आज जी पेशी दुभंगतेय तिच्या दुभंगण्यासाठी लागणारी नक्कल ६० मिनिटांपूर्वी सुरू झाली होती. पिढी २० मिनिटांची असेल तर ६० मिनिटांपूर्वी ही पेशी जन्मलीच नव्हती. तिची आई जन्मली नव्हती. तेव्हा नुकती जन्मलेली होती ती तिची आजी. आजीच्या जन्माला सुरू झालेलं काम नातीच्या जन्माला संपतं, आणि मग नात उरलेल्या २० मिनिटांत दुभंगते. मधल्या काळात आईने आपली फेरी सुरू केलेली असते आणि नातही जन्मतःच आपली सुरू करते. कागदावर काढून बघ: नुकत्या जन्मलेल्या पेशीत टर्मिनस दोन, पण ओरिसी आठ. लोकलची उपमा इथे तोकडी पडते, कारण इथे गाडी पुढे गेली की तिच्यामागचा रूळच दुहेरी होतो, आणि पुढची गाडी दोन्ही रुळांवरून एकदमच सुटते.

हे कोडं १९६८ मध्ये स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी सोडवलं, आणि ज्या जुगाडाने सोडवलं तो मला आजही फार आवडतो. जीवाणू एका पडद्यावर चिकटवायचे, पडदा उलटा करायचा आणि वरून कोमट मीडियम सोडत राहायचं. चिकटलेली पेशी दुभंगली की एक लेक पडद्यालाच राहते आणि दुसरी खालच्या भांड्यात पडते. भांड्यात जे जमा होतं ते सगळं नवजात, एका वयाचं. या यंत्राला ते लोक 'बेबी मशीन' म्हणत. पडद्यावर चढवण्याआधी पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी थायमिडीन (नव्या डीएनएत जाऊन बसणारा घटक) द्यायचं, आणि नंतर कितव्या मिनिटाला पडलेल्या बाळांमध्ये किती खूण सापडते ते मोजायचं. सी आणि डी त्यातून निघाले. ना फ्लोरेसन्स, ना कॉम्प्युटर.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आणि खरी मेख तिथेच आहे. पेशीला कळतं कसं? पुस्तकात बाणांनी जोडलेलं सुबक चक्र असतं, त्यामुळे वाटतं की आत कुणी साहेब बसलाय, एक काम संपल्यावर सही करतो आणि पुढची फाइल सरकवतो. ई. कोलायमध्ये असा साहेब नाही. नक्कल आणि विभाजन यांचं नातं बरंचसं एकतर्फी आहे: विभाजन डीएनएकडे बघत असतं, डीएनए विभाजनाकडे ढुंकूनही बघत नाही. हे एवढं लक्षात ठेवलंस तर बाकीचे पन्नास प्रोटीन आपापल्या जागी बसतील.

नक्कल सुरू कधी करायची, हे पेशीची वाढ ठरवते. १९५८ मध्ये कोपनहेगनला शेख्टर, मालोय आणि क्येल्डगार्ड यांनी दाखवलं की जितकं चांगलं अन्न तितकी मोठी पेशी, आणि तेही नुसतं अंदाजाने नाही, वाढीच्या वेगाबरोबर ठरावीक गणिताने. दहा वर्षांनी विल्यम डोनाकी यांनी हे गणित कूपर-हेल्मस्टेटरच्या आकड्यांशी जुळवलं आणि उत्तर निघालं ते असं: नक्कल सुरू होते त्या क्षणी दर ओरिसीमागे पेशीचं वस्तुमान जवळजवळ तेवढंच असतं, वाढ मंद असो की जलद. म्हणजे पेशी घड्याळ बघत नाही, आपलं अंग किती भरलंय ते बघते.

अंग भरल्याचं ओरिसीला सांगणारं प्रोटीन म्हणजे डीएनएए. (वर्गात हे नाव घेताना मास्तर अडखळतोय असंच वाटतं, त्याला इलाज नाही.) एटीपी बांधलेलं डीएनएए ओरिसीवरच्या ठरावीक नऊ-नऊ अक्षरांच्या जागांवर बसतं. पुरेशी गर्दी झाली की शेजारचा एटी-बहुल भाग उसवतो, तिथे डीएनएबी हे हेलिकेज (डीएनएचे धागे उसवत जाणारं प्रोटीन) चढवलं जातं आणि फोर्क निघतात. पेशी वाढते तसं डीएनएए साठत जातं. ते मुद्दाम जास्त बनवलं तर नक्कल लवकर सुरू होते.

पण सुरू करण्यापेक्षा लगेच पुन्हा सुरू न होऊ देणं जास्त अवघड, आणि पेशीने त्यावरच जास्त खर्च केलाय. ओरिसी जेमतेम २४५ अक्षरांची, तिच्यात जीएटीसी हा शब्द ११ वेळा येतो. या शब्दातल्या ए वर डॅम नावाचं एन्झाइम मिथाइलचा टिळा लावतं. नक्कल झाली की जुन्या धाग्यावर टिळा असतो, नव्यावर अजून नसतो. अशा अर्धवट टिळ्याच्या डीएनएवर सेक-ए हे प्रोटीन येऊन बसतं आणि पिढीच्या साधारण एक तृतीयांश वेळ ओरिसी झाकून ठेवतं. डीएनएएचं स्वतःचं जीनही तेवढा वेळ झाकलं जातं. तोवर दुसरीकडे, चालत्या फोर्कला जोडलेलं एचडीए हे प्रोटीन डीएनएएवरच्या एटीपीचं एडीपी करून त्याची धार घालवतं. झाकण उघडेपर्यंत धारदार डीएनएए उरलेलंच नसतं. याचा एक सुंदर परिणाम म्हणजे पेशीतल्या सगळ्या ओरिसी जवळजवळ एकदम सुटतात. सेक-ए किंवा डॅम काढून टाकलं की ही शिस्त मोडते.

यात विभाजनाचा कुठे उल्लेख आला का? नाही. तोच माझा मुद्दा आहे.

विभाजनाची बाजू एफटीएसझेड या प्रोटीनची. नावातलं एफटीएस म्हणजे तापमान वाढवलं की न तुटता लांब धागे होणारे म्यूटंट (जीन बदललेले जीवाणू). त्यांतूनच हे जीन सापडलं. १९९१ मध्ये बी आणि लुटकेनहाउस यांनी दाखवलं की एफटीएसझेड पेशीच्या बरोबर मध्यावर कड्यासारखं जमतं. हे आपल्या पेशींमधल्या ट्यूबुलिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रोटीनच्या नात्यातलं. कडं मध्यावरच का? दोन नकार त्याला मध्याकडे ढकलतात. पहिला मिन यंत्रणेचा. मिन-सी आणि मिन-डी ही जोडी पेशीच्या एका टोकाला जमते, मिन-ई तिला तिथून उठवतं, ती दुसऱ्या टोकाला जाते, तिथूनही उठते. एक फेरी मिनिटाच्या आतबाहेर. सोसायटीच्या दोन गेटांमध्ये येरझाऱ्या घालणारा वॉचमन आठव: तो टोकांना थांबतो, वळतो, आणि मधल्या भागातून नुसता जातो. मिन-सीजवळ एफटीएसझेडला टिकू दिलं जात नाही, त्यामुळे सगळ्यात कमी जाच मध्यावर. रास्किन आणि डी बोअर यांनी १९९९ मध्ये ही येरझार प्रत्यक्ष बघितली. मिन नसेल तर पेशी टोकाला तुटते आणि डीएनए नसलेली टिकलीएवढी पेशी बाहेर पडते. तिला मिनिसेल म्हणतात, आणि मिन हे नाव त्यावरूनच.

दुसरा नकार खुद्द डीएनएचा. ई. कोलायमध्ये एसएलएमए आणि बॅसिलस या दुसऱ्या जीवाणूत नॉक ही प्रोटीनं गुणसूत्रावर जागोजागी बसलेली असतात आणि आसपास झेड-रिंग, म्हणजे एफटीएसझेडचं कडं, होऊ देत नाहीत. टर्मिनसच्या भागात मात्र ती बसतच नाहीत. नक्कल संपत आली आणि दोन गुणसूत्रं दोन बाजूंना सरकली की मध्ये उरतो तो टर्मिनसचाच भाग, म्हणजे बंदीच नसलेला इलाखा. नक्कल पुरी होत आल्याची बातमी विभाजनाला पोचवायला वेगळा निरोप्या लागत नाही. डीएनए बाजूला सरकणं हीच बातमी. शिवाय तिथे एक होकारही आहे: टर्मिनसवर बसलेलं मॅटपी हे प्रोटीन झेड-रिंगच्या मदतनीसांना धरून ठेवतं. मंद वाढणाऱ्या पेशींतून मिन आणि एसएलएमए दोन्ही काढली तरी त्या बऱ्याचदा मध्यावरच तुटतात, ते याच्या जोरावर.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये कोपरीच्या एका आजींचा लघवीचा नमुना आला होता. टेक्निशियनने ग्राम स्टेन लावून हाक मारली, "मॅडम, कॅन्डिडा दिसतोय, हायफी आहेत." म्हणजे बुरशी आणि तिचे धागे. ऑइल इमर्शनखाली बघितलं तर लांबच लांब धागे, एकेक धागा तीन-चार पस सेलना पुरून उरेल एवढा. पण रंग गुलाबी. कॅन्डिडा ग्राम पॉझिटिव्ह, तो जांभळा दिसला असता, धागा जाड असता आणि कुठेतरी कळ्या फुटलेल्या दिसल्या असत्या. इथे कळी नाही, फांदी नाही, आणि त्याच फील्डमध्ये कडेला दोन-चार साधे आखूड गुलाबी दांडे. आजींच्या सुनेला फोन केला. "काकू, सॅम्पल द्यायच्या आधी काही गोळी घेतली का?" तर म्हणाल्या, "मागच्या वर्षीच्या पाकिटातल्या दोन उरल्या होत्या, त्या दिल्या. जळजळ थांबेना ना!" पाकीट सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं.

सिप्रो डीएनए गायरेज या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला डीएनए कापलेल्या अवस्थेतच अडकवतं. तुटलेला डीएनए दिसला की रेक-ए जागं होतं, लेक्स-ए हा दाबून ठेवणारा रिप्रेसर स्वतःलाच कापून घेतो आणि एसओएस या आणीबाणीच्या दुरुस्तीची सगळी जीन्स उघडतात. त्यातलं एक सुल-ए. ते थेट एफटीएसझेडला धरतं आणि कडं होऊ देत नाही. पेशी वाढत राहते, तुटत नाही, आणि आपल्याला हायफी दिसतात. दुरुस्ती झाली की लॉन नावाचं प्रोटिएज सुल-एचा फडशा पाडतं आणि धागा पुन्हा तुकड्या-तुकड्याने तुटू लागतो. हा आणीबाणीचा ब्रेक आहे, रोजचा नाही.

आता हेच धागे सेफॅलेक्सिन या दुसऱ्या अँटिबायोटिकनेही होतात. ग्राम स्टेनमध्ये तुला फरक कळणार नाही. पण डीएनएचा रंग लावून फ्लोरेसन्सखाली बघ: सेफॅलेक्सिनच्या धाग्यात डीएनएचे गोळे माळेतल्या मण्यांसारखे सारख्या अंतरावर असतात, कारण त्या औषधाने फक्त मधली भिंत बांधणारं प्रोटीन अडवलंय. विभाजन बंद पडलं तरी नक्कल आपली चालूच. सिप्रोच्या धाग्यात मात्र बहुधा मधोमध एकच गबाळा गोळा आणि दोन्ही बाजू रिकाम्या. एकतर्फी नातं म्हणाले ते हेच.

आणि हा पहाराही अभेद्य नाही. सुल-ए नसलेल्या म्यूटंटमध्ये नक्कल अडवली तर काही वेळाने टोकाकडच्या रिकाम्या भागातून डीएनए नसलेल्या पेशी तुटून पडतात. आपल्या पेशींमध्ये जसे कडक चेकपॉइंट असतात तसलं ई. कोलायमध्ये शोधायला जाऊ नकोस.

भिंत अर्धी झाल्यावरही मध्ये डीएनएचं शेपूट राहिलंच तर? एसी लोकलचं दार लागताना ओढणी अडकते आणि आतलं कुणीतरी ती खेचून घेतं, तेच काम एफटीएसके करतं. हे प्रोटीन झेड-रिंगबरोबर भिंतीतच बसलेलं असतं आणि डीएनएवरच्या दिशादर्शक खुणा वाचून तो योग्य बाजूला ओढतं, सेकंदाला काही हजार अक्षरं या वेगाने. कधी दोन गुणसूत्रं एकमेकांत जोडली जाऊन एकच मोठं कडं होतं. तेव्हा डिफ या जागेवर झर-सी आणि झर-डी कडून काप घालून ती सोडवायचं कामही त्याच्याच देखरेखीखाली होतं.

इथवरचं बऱ्यापैकी पक्कं. वाद आहे तो पुढे. २०१० मध्ये मदर मशीन नावाचं उपकरण आलं: एका पेशीच्या रुंदीचे एका बाजूने बंद असलेले बोळ, बंद टोकाला म्हातारी पेशी, लेकी दुसऱ्या बाजूने वाहून जातात. त्यात एकेक पेशी शेकडो पिढ्या बघता येते. २०१४-१५ मध्ये त्यातून दिसलं की पेशी ठरलेल्या लांबीला तुटत नाही, जन्मल्यापासून ठरलेली भर घातली की तुटते. समज भर दोन मायक्रॉन आहे आणि एखादी चुकून तीन मायक्रॉनची जन्मली. ती पाचला तुटते, लेक अडीचची. ती साडेचारला तुटते, लेक सव्वादोनची. चार-पाच पिढ्यांत चूक आपोआप विरते, कुणी मोजपट्टी लावायची गरज नाही. मग ही भर ठरवतं कोण? एक पक्ष म्हणतो, नक्कल सुरू झाल्यापासून सी आणि डी मोजून विभाजन होतं, म्हणजे सूत्रं नक्कलीच्या हातात. सॅन दिएगोतल्या सकजून जून यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडलं की नक्कल आपली भर वेगळी मोजते आणि विभाजन वेगळी, झेड-रिंगपुरतं एफटीएसझेड साठलं की. तिसरे म्हणतात दोन्ही चालू असतं आणि जे उशिरा संपेल ते वेळ ठरवतं. मला तिसरं पटतं. लॅबमध्ये पेशींचे जे हाल आम्ही बघतो त्यावरून एकाच दोरीवर सगळं टांगलेलं असेल असं वाटत नाही. पण परीक्षेत तिन्ही लिही.

बाकीचे जीवाणू याच नियमाने चालतात असं समजू नकोस. येऊरच्या ओढ्यांसारख्या गोड्या पाण्यात राहणारा कॉलोबॅक्टर एका पिढीत एकदाच नक्कल करतो. त्याच्या पोहणाऱ्या लेकीत सीटीआरए हे प्रोटीन ओरिजिनवर (नक्कल सुरू होण्याच्या जागेवर) बसून ती अडवून धरतं. कॉलऱ्याच्या जीवाणूत गुणसूत्रं दोन, एक मोठं एक लहान. मोठ्यावरची एक ठरावीक जागा नक्कल झाली की मगच लहानाची सुरू होते, त्यामुळे दोन्ही साधारण एकाच वेळी संपतात. टीबीचा जीवाणू पिढीला दिवसभर घेतो, तिथे तुझं २०-४० चं कोडं पडतच नाही.

हे सगळं वाचून सोडू नकोस, तुझ्या कॉलेजात फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीतला डीएनए मोजणारं यंत्र) मिळत असेल तर रन-आउट करून बघ. वाढत्या कल्चरमध्ये रिफॅम्पिसिन आणि सेफॅलेक्सिन एकदम घालायचं. रिफॅम्पिसिनने नवी नक्कल सुरू होत नाही, पण निघालेले फोर्क टर्मिनसपर्यंत पोचतात. सेफॅलेक्सिनने पेशी तुटत नाही. दोन-तीन तासांनी प्रत्येक पेशीत तेवढीच पूर्ण गुणसूत्रं असतात जेवढ्या औषध घालताना ओरिसी होत्या. मिनिमल मीडियममध्ये ग्लिसरॉलवर वाढवलेल्यांचे ढीग (आलेखातली शिखरं) खालच्या आकड्यांवर येतील, एक-दोन किंवा दोन-चार. एलबी या पौष्टिक मीडियममधल्यांचे चार, आठ आणि थोडे सोळावर. तीन, पाच, सहावर स्पष्ट ढीग दिसले तर स्ट्रेनचं नाव पुन्हा वाच, सेक-ए किंवा डॅमचा म्यूटंट हातात आला असेल. आणि ढीग न दिसता मधली सगळी जागा भरलेली दिसली तर फोर्क पोचायच्या आधीच तू सॅम्पल काढलंस, नाहीतर रिफॅम्पिसिनचं स्टॉक जुनं आहे. ते उजेडात खराब होतं. ताजं बनव आणि बाटलीला फॉइल गुंडाळ.